कोंबडीची झूल

"ती परत येईल का न्हाई, तेवढंच सांगा बाबा. दुसरं काय मागत न्हाई."

कमालशा फकीर माळावरच्या चिंचेखाली, पारावर बसला होता. सुईच्या नेढ्यात दोरा ओवायचा त्याचा चौथा प्रयत्न चालला होता. शेवटी त्यानं सुईदोरा पाहुण्यासमोर धरला.

"एवढं ओवून दे."

बोंगाळे मास्तरांनी न बघता ओवला. तालुक्यात त्यांच्यासारखा शिंपी नव्हता, आणि एखाद्याला हे माहीत नसेल तर ते स्वतः सांगत. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलं होतं. दुसऱ्याचा चुकलेला टाका त्या नखानं उचलायचा आणि सर्रकन उसवायचं. त्यांना ब्लेड लागत नसे.

"काय शिवताय?"

"झूल."

"एवढुशी? कुठल्या बैलाची?"

"कोंबडीची."

मास्तर हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच हसले, आणि लगेच त्यांना त्याचं वाईट वाटलं.

फकिरानं पाटीखालची कोंबडी काढून मांडीवर घेतली. तांबडी, चांगली भरलेली. पाठ मात्र उघडी पडली होती. पिसं गेलेली, कातडी लाल, तिच्यावर ओरखडे.

"कुणी मारलं हिला?"

"मारलं न्हाई. कोंबडा पाठीवर चढतो. त्येची नखं लागत्यात, पिसं जात्यात."

"मग हाकला की त्याला."

"नवसाचा हाय."

पिराच्या माळावरची रीतच तशी. नवस फिटला की कोंबडा जिवंत आणून सोडायचा, त्याला कुणी सुरी लावायची नाही. कोंबडी कुणी सोडत नाही. ती अंडी देते, आणि माणसं भाविक असली तरी खुळी नसतात. त्यामुळं माळावर कोंबडे झाले अकरा आणि चुकून आलेल्या कोंबड्या चार.

"बाकीच्या तिघींची पाठ तर धड दिसतीय," मास्तर म्हणाले.

"ही त्या मोठ्या कोंबड्याची आवडती हाय."

मास्तरांनी मान हलवली. त्यांचं लक्ष तिकडं नव्हतं.

"तर मी काय म्हणत हुतो बाबा, माझी पोर कावेरी..."

"म्हण की. मी ऐकतोय."

पण मास्तरांना पुढं बोलता येईना, कारण ते शिवणं त्यांना बघवेना. पिरावरच्या जुन्या हिरव्या चादरीचा तुकडा, आणि त्यावर फकिराचे टाके. एक तांदळाएवढा, तर दुसरा हरभऱ्याएवढा. मास्तरांनी झूल हातातून ओढून घेतली, नख घातलं आणि सगळी उसवून टाकली.

फकीर बघत राहिला.

"काय चुकलं हुतं?"

"टाके."

"कोंबडीला कळलं असतं?"

"मला कळतं."

"बरं..."

मास्तरांनी कोंबडीकडं एकदाच बघितलं. माप घ्यायची त्यांची पद्धत तीच. मग खाली मान घालून शिवत बसले. आत मऊ अस्तर, काठाला बारीक दुमड, पंखांखालून घ्यायला नाडीचे दोन फास. ऊन चिंचेवरून उतरून पारावर आलं तेव्हा झूल तयार होती. त्यांनी ती कोंबडीला चढवली. कुठं सुरकुती नाही, कुठं झोळ नाही.

"घ्या," मास्तर म्हणाले.

कोंबडी एक पाऊल मागं गेली. मग आणखी एक. मागं मागं जात ती पाण्याच्या परळावर धडकली. पंख उचलायला गेली तर उचलेनात. रोजच्या दगडावर उडी मारायला गेली आणि तोंडावर पडली.

"फिटिंग झ्याक हाय," फकीर म्हणाला. "कोंबडी तेवढी अडकलीय."

"सैल ठेवली तर वाईट दिसंल."

"कुणाला?"

मास्तरांनी कोंबडी उचलली. तिचं काळीज त्यांच्या तळव्याखाली धडधडत होतं. झूल काढून त्यांनी स्वतःच्या टाक्याला नख लावलं आणि तिथंच थांबले. तीस वर्षांत त्यांनी स्वतःचं शिवलेलं कधी उसवलं नव्हतं. वेळच आली नव्हती, किंवा आली असेल तर त्यांनी ती मानली नव्हती.

मग उसवलं. पंखांजवळ दोन बोटं जागा सोडून पुन्हा शिवलं.

या खेपेला कोंबडी चार पावलं अडखळली, अंग झाडलं, आणि उडी मारून दगडावर जाऊन बसली. थोड्या वेळानं खाली उतरून दाणे टिपू लागली, तेव्हा मोठा कोंबडा आला. पाठीवर चढला. नखं कापडावर घसरली. तो उतरला, आणि कोंबडी काहीच झालं नाही अशी पुन्हा दाणे टिपू लागली.

मास्तर बराच वेळ तिच्याकडं बघत होते.

"कावेरीनं पहिल्यांदाच तेवढी जागा सोडली असती," ते म्हणाले.

फकिरानं आणखी मूठभर दाणे टाकले.

"म्हशी पिळणारी बाई हाय आमच्या गल्लीत. तिचं ब्लाउज शिवलं हुतं पोरीनं. मुंढ्यात सैल ठेवलं. म्हणाली, आण्णा, काकूंना दिवसभर हात वर-खाली करावा लागतो. मी म्हटलं, बोंगाळ्यांच्या दुकानातनं असलं ध्यान बाहेर जायाचं न्हाई..."

"मग?"

"उसवलं. त्या बाईच्या समोर. समद्या गिऱ्हाइकांसमोर."

"आणि पोर?"

"कात्री टेबलावर ठेवली आन् मावशीकडं निघून गेली कराडला. तिथं पापड लाटतीय. मावशीची फाटकी चादर सुदीक शिवून देत न्हाई. सुईला हात लावत न्हाई, बाबा! तसला हात..."

मास्तरांचे डोळे भरून आले. लेकीची आठवण येते हे त्यांनी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. दुकान उघडलं की पहिली नजर तिच्या मशिनीवर जाते, आणि मग दिवसभर काही गोड लागत नाही. हे सगळं त्यांनी आता सांगून टाकलं.

फकिरानं सगळं ऐकून घेतलं.

"दुकानात आणिक कारागीर हायेत?"

"दोघं."

"त्येंचं उसवतोस?"

"त्यांचं कशाला? त्यांच्या हातात काय हाय? पाटलोणीला पट्टी मारायची आन् घरी जायाचं. हिच्या हातात कला हुती, बाबा. म्हून हिचंच रोज..."

बोलता बोलता मास्तर थांबले. समोर ती तांबडी कोंबडी हिरवी झूल घालून दाणे टिपत होती. बाकीच्या तिघी पलीकडं धुळीत बसल्या होत्या, पिसं जिथल्या तिथं.

"मी तिचा शत्रू न्हवतो," मास्तर हळूच म्हणाले.

"कोंबडा तरी कुठं हाय?"

वाऱ्यानं चिंचेची पानं परळात पडली. फकिरानं ती एकेक करून काढली.

"मी आजच्या गाडीनं कराडला जातो," मास्तर म्हणाले. "पण रिकाम्या हातानं कसा जाऊ? ताईत द्या. न्हाईतर पिराचा धागा. तिच्या दंडात बांधीन, म्हंजे तिचं मन वळंल."

फकीर उठला. आत जाऊन एक लहान कानस घेऊन आला. मोठा कोंबडा दाण्याच्या लोभानं जवळ आला, तसा त्याला अलगद काखेत धरला आणि त्याच्या नखांवर कानस फिरवू लागला. एकेक नख, सावकाश. कोंबड्यानं आधी आरडाओरडा केला, मग गुमान राहिला.

"आता कशाला?" मास्तर म्हणाले. "झूल घातलीय की तिला."

"झूल कवातरी फाटंल."

शेवटचं नख झालं. फकिरानं त्यावरून बोट फिरवून बघितलं आणि कोंबडा सोडून दिला. तो पंख फडफडवत थेट तांबडीकडं गेला, जणू काही घडलंच नाही.

फकिरानं कानस खाली ठेवली नाही. फुंकर मारून तिच्यावरचा भुगा उडवला आणि मास्तरांच्या समोर मांडी घालून बसला.

"ताईत..." मास्तर पुन्हा म्हणाले.

"दे," फकीर म्हणाला, "तुझा उजवा हात."