सात हंडे आणि धुरपदेचा कौल

एका राज्यात सात परगणे होते, सात परगण्यांची सात गाणी होती आणि सात गाण्यांसाठी तांब्याचे सात हंडे होते.

दर चैत्रात राजा मेघवर्धनाच्या दरबारात ते हंडे ओळीने मांडले जात. प्रत्येक परगण्यातून एक गाणारा येई आणि एक कौलकरी येई. सातही गाणी गाऊन झाली की कौलकरी हातात एकेक पांढरी गारगोटी घेऊन उठत, आणि जे गाणे निवडायचे त्याच्या हंड्यात ती टाकत. हंड्यांच्या तोंडांवर कापड असे. कोणाची गारगोटी कुठे पडली ते कोणाला दिसत नसे. नियम एकच होता. आपल्या परगण्याला कौल द्यायचा नाही. कोणी दिलाच, तर त्याचा हात मनगटापर्यंत हंड्यात अडके आणि तीन दिवस सुटत नसे. ज्या हंड्यात गारगोट्या जास्त, ते गाणे मोतीबेटावर बारा राज्यांच्या गानसभेला जाई.

हे सारे एका मण्यापायी चालले होते. राजाच्या पणजोबाने कालकंठ मांत्रिकाकडून नादमणी आणला होता. त्या मण्याने राज्यातला प्रत्येक आवाज गोड केला. मणी देताना मांत्रिक म्हणाला होता, "दर वर्षी तुमचे सर्वांत चांगले गाणे गानसभेत पाठवा. चुकाल त्या वर्षी तुमचा एक आवाज मी घेऊन जाईन."

तीन वर्षे लागोपाठ राज्याचे गाणे बारावे आले. बारा राज्यांत बारावे! पहिल्या वर्षी काकणांचा आवाज गेला. बायका हातभर बांगड्या भरत, पण किणकिण नाही. दुसऱ्या वर्षी घंटांचा गेला. पुजारी दोर ओढत, घंटा हलत, आणि देव आपले झोपलेले. तिसऱ्या वर्षी पाण्याचा गेला. धबधबा कड्यावरून मुकाट खाली पडू लागला. राजाने पंडितांची चौकशी बसवली. ती जी बसली, ती अकरा महिने उठली नाही. उठली तेव्हा पंडितांनी एकमुखाने सांगितले की सारा दोष पखवाजाच्या कातड्याचा आहे. कातडे बदलले. पंडितांना शालजोड्या मिळाल्या.

चौथ्या वर्षी चैत्राला महिना उरला असताना मांत्रिकाचा जासूद असलेला कोतवाल पक्षी गावोगाव बसून ओरडून गेला, "यंदा चुकलात तर हाक जाईल! माणसाने माणसाला मारलेली हाक जाईल!"

डोंगर परगण्यात धुरपदेने ते ऐकले आणि तिच्या हातातला घडा तिथेच फुटला.

धुरपदेचा नवरा गेनबा. चुन्याच्या भट्टीने त्याचे डोळे नेले होते. तो गाणी रचत असे आणि दरबारात डोंगर परगण्यातर्फे तोच गात असे. रोज सकाळी ती त्याला वरच्या माळावर हिरड्याखाली बसवून येई आणि दिवस कलला की अंगणातून हाक देई. हाकेच्या रोखाने पावले टाकत तो दहा खाचरे उतरून घरी येई. वाटेच्या दोन्ही अंगांना दरी होती. हात धरलेला त्याला खपत नसे. हाकेवर मात्र तो डोळे असल्यासारखा चाले.

"तीन वर्षं माझं गाणं पडतंय," गेनबा त्या संध्याकाळी म्हणाला. "यंदाचं पडायचं नाही. आणि तू अशी गप्प का?"

"काही नाही, धनी. घडा फुटला."

तीन वर्षे डोंगर परगण्याची कौलकरी धुरपदाच होती.

दुसऱ्या दिवशी तिने कोतवालाला आंब्याच्या फांदीवर गाठले. "पाखरा, आमचंच गाणं दर वर्षी शेवटी का?"

"मी निरोप आणतो. कारणे आणत नाही," पक्षी म्हणाला. "कारण हवे तर काळ्या खडकावर जा. मात्र लवकर नीघ. तुझ्या राजाची मंडळी अकरा महिने बसून पखवाजापर्यंत पोचली."

गेनबाला हाक द्यायचे शेजारणीवर सोपवून धुरपदा निघाली. तीन दिवस चालून ती राज्याच्या सीमेवरच्या काळ्या खडकावर पोचली. कालकंठ मांत्रिक तिथे बसला होता. त्याच्या मांडीवर तीन मडकी होती. एकात काकणे किणकिणत होती, दुसऱ्यात घंटा वाजत होत्या, तिसऱ्यात धबधबा कोसळत होता.

"आमचे आवाज परत द्या, महाराज."

"तीन तोंडांतून तीन खऱ्या गोष्टी काढ," मांत्रिक म्हणाला. "एक जिंकलेल्याची, एक हरलेल्याची, एक निवडणाऱ्याची. एकेक खरे निघेल, एकेक मडके फुटेल. हे बाजूचे चौथे मडके रिकामे आहे. ते भरायचे की नाही, हे तुमच्या चैत्रावर."

धुरपदा आधी मळे परगण्यात शिदोजीकडे गेली. गेल्या वर्षी मोतीबेटावर गेलेले गाणे याचेच. राजा थोर, राज्य थोर, आपण सारे थोर, असे त्यात सात वेळा येई. शिदोजी उसाच्या फडात पाण्याचे दार धरून उभा होता.

"सातांतले पाच कौल तुम्हाला पडले, शिदोजीराव. गाणं तेवढं चांगलं होतं?"

"चांगलं नसतं तर पाच पडले असते का?"

"मी तुम्हाला विचारतेय."

शिदोजीने फावडे खाली ठेवले. "बाई, माझं नाव पुकारलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करतायत. ते गाणं मी एका दुपारी लिहिलं. वाईट होतं. मला ठाऊक होतं. पण पाच जणांनी निवडल्यावर नाही कसं म्हणणार? मोतीबेटावर लोक हसले, तेव्हा कुठं मला वाटलं, चला, कुणीतरी नीट ऐकलं."

तो हे बोलला आणि बांधावर भांगलणाऱ्या बायकांच्या हातांतली काकणे एकदम किणकिणली. बायका खुरपी टाकून हात हलवत राहिल्या.

मग धुरपदा समुद्रकाठी मिठागर परगण्यात हौसाबाईकडे गेली. हौसाबाई मीठ ओढता ओढता गाई. तीन वर्षांत तिला एकही कौल पडला नव्हता.

"मी काय खरं सांगू?" हौसाबाई फावडी न थांबवता म्हणाली. "मी गायले की सगळे कौलकरी डोळे पुसतात. नदी परगण्याचे देसाई तर हुंदके देतात. बाहेर आल्यावर पाया पडतात. आणि हंड्यात माझ्या नावानं खडा नाही. आधी वाटायचं, माझ्यात काही कमी आहे. आता वाटतं, यांच्यात आहे."

गावातल्या देवळात घंटा वाजली. पुजारी दचकून पायरीवर बसला.

धुरपदा उठू लागली, तेव्हा हौसाबाईने फावडी थांबवली. "डोळे पुसणाऱ्यांत तूही होतीस. पदर भिजला होता तुझा. मी पाहिलं. मग तुझा खडा कुठं पडला गं, बाई?"

धुरपदा तिथून सरळ मळे ओलांडून नदी परगण्याच्या देसायांकडे गेली आणि त्यांना निवडणाऱ्याचे खरे विचारले. देसाई म्हणाले, "मी नेहमी गुण पाहूनच कौल देतो." मग ती वन परगण्याच्या कौलकऱ्याकडे गेली. तोही म्हणाला, "गुण पाहून." धबधबा मुकाटच पडत राहिला. आणि चैत्र उजाडला.

दरबार भरला. सात गाणी झाली. गेनबाचे गाणे या वर्षी खरोखर चांगले झाले होते. राजासुद्धा पुढे सरकून बसला. हौसाबाई गायली तेव्हा चवरी ढाळणाऱ्याची चवरी थांबली आणि राजाला ते कळले नाही. कौलकरी उठले. सहा जणांच्या गारगोट्या पडल्या. सातवी धुरपदा. ती हंड्यांपाशी गेली आणि मूठ उघडीना.

"बाई, मुहूर्त टळतो," देसाई म्हणाले.

"महाराज," धुरपदा म्हणाली, "तीन वर्षं मी गुण पाहून कौल दिला नाही. स्वतःच्या परगण्याला देता येत नाही. मग ज्याच्याकडून माझ्या धन्याला धोका नाही, असं गाणं मी शोधत होते. सातांतलं सगळ्यांत पडेल. पहिल्या वर्षी तसं केलं, दुसऱ्या वर्षी केलं, आणि गेल्या वर्षी शिदोजीरावांच्या हंड्यात खडा टाकला. हौसाबाईंचं ऐकून रडले आणि त्याच हातानं टाकला."

"घरची गोष्ट घरात ठेवावी!" देसाई ओरडले.

"ही घरची नाही, देसाई. मी एकटीनं केलं असतं, तर शिदोजीरावांना एकच कौल पडला असता. पाच पडले. बाकीचे चार कोणाचे?"

राजवाड्याबाहेर नदी खळाळली. कारंजे खळखळले. वर्षभर मुका असलेला दरबारातला घंगाळाचा नळ ठिबकू लागला. सहा कौलकरी आपापल्या पायांकडे पाहत होते.

राजा उठला. "म्हणजे माझ्या राज्याने दर वर्षी आपले सर्वांत वाईट गाणे निवडून पाठवले? आणि मी पखवाज बदलत बसलो?"

"होय, महाराज."

"शिक्षा काय करू?"

"शिक्षा नंतर करा. आधी कापडं काढा आणि पुन्हा कौल घ्या. सगळ्यांसमोर."

कापडे निघाली. शिदोजीच्या जागी यंदा मळ्यातून आलेल्या एका भाटाच्या हंड्यात चार गारगोट्या होत्या. भाटाचे गाणे कोणाच्याही लक्षात नव्हते. तो स्वतः मान खाली घालून म्हणाला, "काढा त्या. मला नकोत."

सर्वांत आधी धुरपदा पुढे झाली. डोंगर परगण्याचे सारे लोक पाहत होते, गेनबा कान देऊन उभा होता. तिने गारगोटी हौसाबाईच्या हंड्यात टाकली. ठण्ण आवाज झाला. मग वन परगण्याचा कौलकरी उठला. ठण्ण. मग तिसरा, चौथा, पाचवा. शेवटी देसाई उठले, डोळे पुसले आणि या खेपेला त्यांनी खडाही तिथेच टाकला. उरला मिठागरचा कौलकरी, एक म्हातारा नाखवा. हौसाबाईला कौल देणे त्याला मना होते. त्याने जराही न घुटमळता आपली गारगोटी गेनबाच्या हंड्यात टाकली.

हौसाबाई मोतीबेटावर गेली. दहाव्या दिवशी कोतवाल पक्षी दरबाराच्या कमानीवर येऊन बसला.

"पाचवे," तो म्हणाला.

दरबारातून हाय हाय उठली. धुरपदेने कमानीचा खांब धरला. पाचवे म्हणजे पहिले नव्हे. म्हणजे हाक गेलीच.

तेवढ्यात दारातून कालकंठ मांत्रिक आत आला. चौथे मडके त्याच्या हातात होते. त्याने ते उलटे करून दाखवले; रिकामे.

"पहिले या, असे मी कधी म्हटले होते?" तो म्हणाला. "तुमचे सर्वांत चांगले गाणे पाठवा, एवढेच म्हटले होते. या वर्षी ते आले. त्याहून चांगली चार गाणी दुसऱ्यांनी आणली तर त्यात तुमचा काय अपराध?" त्याने मडके राजाच्या पुढ्यात ठेवले. कोशागारातला नादमणी त्याच घटकेला विरघळला आणि पाणी झाला. आवाज मात्र होते तसेच गोड राहिले. राजाने पंडितांच्या शालजोड्या परत मागवल्या आणि त्या वर्षापासून हंड्यांवर कापड घालणे बंद केले.

धुरपदा आणि गेनबा डोंगर चढून घरी आले. अंगणात बसल्यावर गेनबाने विचारले, "मला एकच कौल पडला ना?"

"एकच."

"तुला खरं विचारतो. तिचं गाणं माझ्यापेक्षा चांगलं होतं?"

धुरपदेला एवढे परगणे चालून आल्याने जेवढी धाप लागली नव्हती, तेवढी आता लागली. "होय, धनी," ती म्हणाली.

गेनबा म्हणाला, "दरबारात मी रागानं ऐकलं. रागात गाणं कळत नाही. म्हण ते."

तिने म्हटले. तिचा गळा बेताचा, दोन जागी सूर हुकला. गेनबा मांडीवर बोटांनी ठेका धरून ऐकत होता. गाणे संपले तरी बोटे थांबली नाहीत.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "फारच चांगलं आहे गं. आता जरा गप्प बस. मला माझं दुरुस्त करायचंय."

त्या राज्यात कौल आजही उघड्या हंड्यांत पडतात. कोणाला खोटे वाटत असेल, त्याने चैत्रात तिकडे जाऊन सात खडे मोजून यावे.