रायभानच्या अंगणातले भूर्ज

फार जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा झाडे बोलत असत, पण अगदीच नाइलाज झाला तर.

एका राज्यात रायभान नावाचा सरदार होता. उत्तरेच्या बर्फाळ डोंगरांतून परतताना त्याने भूर्जाची तीन रोपे आणली. भूर्जाची साल पांढरीशुभ्र असते. असे झाड त्या मुलखात कुणी पाहिले नव्हते.

त्याची बायको सुमेधा म्हणाली, "अहो, ही थंडीतली झाडं. विहिरीमागे गारवा असतो, तिथे लावू या."

"विहिरीमागे बघायला कोण जाणार?" असे म्हणून रायभानने ती घरासमोरच्या फरसबंद, तापणाऱ्या अंगणात लावली.

झाडे वाढली. लोक लांबून बघायला येऊ लागले. पण जिथे फांदी गळून पडे, तिथे सालीवर काळा डोळा उमटे, पापणीसकट. अंगणातून जाताना रायभानची मुले खाली मान घालून पळत.

मग एका उन्हाळ्यात शेंडे वाळू लागले. भर दुपारी, पानही हलत नसताना, रायभानने खोडाला कान लावला. आत काहीतरी कुरतडत होते, सावकाश, न थांबता. त्यामागून खोल गेलेला आवाज आला, "रायभान, आम्हाला सावलीत ने."

तो दचकून मागे सरला. पण लवकरच राजा स्वतः झाडे पाहायला येणार होता. रायभान कुणाला काही बोलला नाही. त्याने वाळक्या फांद्या छाटल्या आणि डोळ्यांवर चुना फासला.

सकाळी चुन्यातून डोळे पुन्हा वर आले होते. आता ते मिटलेले होते.

राजा आला. "वा, काय शुभ्र!" म्हणत त्याने खोडावर हात ठेवला. हात कोपरापर्यंत आत गेला. आत लाकूड नव्हतेच. ओला भुसा होता आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. नुसती साल उभी होती. पाहता पाहता तिन्ही झाडे आवाज न करता खाली बसली.

राजा हात झटकत निघून गेला.

"तुम्हाला आधी कळलं होतं?" सुमेधाने विचारले.

"त्यांनी सांगितलं होतं मला," रायभान पुटपुटला.

मुलांनी ते ऐकले. त्या दिवसापासून घरातल्या कुणीही आपले दुखणे त्याला सांगितले नाही. सगळे त्याच्यासमोर हसत, आणि हसून झाले की आत निघून जात. म्हातारपणी भरल्या घरात रायभान त्या हसऱ्या चेहऱ्यांना भिऊ लागला.

तात्पर्य: ज्याला आपण आपल्या दारी आणतो, त्याच्या रूपाआधी त्याचे दुखणे पाहावे.