पलीकडचे स्टेशन

एकदा एक भांड्यांचा व्यापारी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा आगगाडीशी खेळू लागला. साठी बुद्धी नाठी म्हणतात, ह्यांची तर दोन वर्षे आधीच निघाली, असे म्हणून पेठेने हसून घेतले. परंतु हसणाऱ्यांपैकी कोणीही दुकानावरच्या मजल्याचा जिना कधी चढले नव्हते. वर तीन खोल्या होत्या आणि एक माणूस होता.

त्याच्या पत्नीला जाऊन दोन वर्षे झाली होती. मुलगी परदेशी होती. रविवारी तिचा फोन येई, जेवलात का आणि औषध घेतले का, एवढे विचारून होई, मग दोघांनाही काय बोलावे ते सुचत नसे. दुकान नोकर सांभाळीत. एके दिवशी पत्नीच्या साड्या कोणाला तरी द्याव्यात म्हणून त्याने तिची ट्रंक उघडली, तर तळाशी त्याच्याच लहानपणचे पत्र्याचे इंजिन निघाले, किल्लीचे, एक चाक वाकलेले. तिने ते कधी आणि का जपून ठेवले होते, हे आता विचारायची सोय नव्हती. साड्या तशाच राहिल्या आणि तो चाक सरळ करायला बसला.

वर्षभरात मधल्या खोलीत भिंतीच्या कडेकडेने फळ्या आल्या, रूळ आले, विजेवर चालणारे इंजिन आले. एका टोकाला एक स्टेशन, दुसऱ्या टोकाला दुसरे, मध्ये एकेरी मार्ग. पाण्याची टाकी फुलपात्राची केली होती आणि स्टेशनची घंटा म्हणजे उलटी टांगलेली पितळी वाटी होती. भांडेवाल्याने आगगाडी केली तरी घरची भांडी सुटत नाहीत. काम मात्र देखणे होते. गाडी इकडून तिकडे जाई, तिकडून इकडे येई, आणि कोणी चढत नसे की उतरत नसे.

त्याच गावात एक वृद्ध गृहस्थ राहत. आडबाजूच्या एका लहान स्टेशनावर तीस वर्षे मास्तरकी करून ते निवृत्त झाले होते. ते कमी बोलत, म्हणूनच लोक त्यांच्याकडे सल्ल्याला जात. आपली गाडी खऱ्या नियमाने चालावी अशी व्यापाऱ्याला फार हौस होती. तो रोज सकाळी मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसू लागला आणि ह्या वयात त्याने शिष्यत्व पत्करले.

मास्तरांनी त्याला जुन्या काळचा एकेरी मार्गाचा नियम शिकवला. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी, म्हणून ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा देत. गोळा हाती नसेल तर गाडी जागची हलवायची नाही. हा गोळा पलीकडच्या स्टेशनाने परवानगी दिली तरच यंत्रातून निघे, आणि दोन्ही स्टेशनांवर असे एकेक यंत्र असे. व्यापाऱ्याने ते ऐकले आणि महिनाभर खपून दोन लहान यंत्रे तयार केली. आत बोराएवढा पितळी गोळा, बाहेर बटण, मध्ये तारा. सगळे जमले तेव्हा त्याने मोठ्या अभिमानाने मास्तरांना दुपारच्या चहाला बोलावले.

मास्तरांनी काठी टेकत टेकत सगळे पाहिले. टाकीचे कौतुक केले, वाटी बोटाने वाजवून पाहिली. मग त्यांनी विचारले, पलीकडच्या स्टेशनात कोण असतो?

कोण असणार, असे म्हणून व्यापारी हसला. पूर्वी अण्णा असे. अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ सदाशिव. किल्लीची गाडी होती तेव्हा हा ओसरीवर बसे आणि अण्णा स्वयंपाकघराच्या दारात. ह्याने चमच्याने वाटी दोनदा वाजवली की त्याचा अर्थ, सोडू का? तिकडून तीनदा वाजली की, सोड. आई ओरडे, पण वाट्या काही परत मिळत नसत. आता दोन टोकांना येरझारा घालणे गुडघ्यांना सोसत नाही, म्हणून आपण तार लांबवून दोन्ही बटणे ह्या खुर्चीपाशीच आणली आहेत, हेही त्याने कौतुकाने दाखवले. डाव्या हाताने परवानगी द्यायची, उजव्या हाताने गोळा काढायचा.

अण्णा असतात का अजून, मास्तरांनी विचारले. असतो, तालुक्याच्या गावी, बसने दीड तास, असे सांगून व्यापारी घाईघाईने पुन्हा टाकीकडे वळला.

जे त्याने सांगितले नाही ते असे होते. सहा वर्षांपूर्वी वहिनी वारली ती धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. वर्षाचा धंदा त्या एका दिवसावर. पेठेत गिऱ्हाइकांची रीघ लागली होती, आणि हा गेला नाही. चिठ्ठी देऊन नोकराला पाठवले. दिवसांनाही गेला नाही, कारण तोवर जायची लाज वाटू लागली होती. पुढे ह्याची पत्नी गेली तेव्हा अण्णा पहिल्या बसने आला, खांदा दिला, संध्याकाळपर्यंत भिंतीला टेकून बसला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. तो दोन शिव्या देता तर बरे झाले असते, असे व्यापाऱ्याला त्यानंतर रोज वाटे.

मास्तरांनी चहा संपवला. मग यंत्रातला पितळी गोळा उचलला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि काठी घेऊन ते जिना उतरू लागले.

विसरले असतील, असे वाटून व्यापाऱ्याने वरून हाक दिली, "मास्तर, गोळा राहिला तुमच्या खिशात."

"पलीकडून परवानगी आलेली नाही," मास्तर म्हणाले आणि न थांबता गेले.

व्यापाऱ्याला राग आला. म्हातारा चळला, असे त्याने ठरवून टाकले. तो ओट्यावर जाईनासा झाला. चौथ्या दिवशी त्याने गोळ्याच्या जागी सायकलच्या चाकातला एक छर्रा यंत्रात घातला, दोन्ही बटणे दाबली आणि गाडी सोडली. गाडी छान गेली. पलीकडच्या स्टेशनात जाऊन उभी राहिली. तो खुर्चीतून तिच्याकडे पाहत बसला आणि त्याला एकाएकी फार एकटे वाटले, पत्नी गेली त्या आठवड्यात वाटले होते त्याहून अधिक. त्याने छर्रा काढून ठेवला. नवव्या दिवशी तो मास्तरांकडे गेला आणि ओट्याच्या कडेला बसला.

मास्तरांनी गोळा काढून दोघांच्या मध्ये ठेवला. ते म्हणाले, "माझ्या पलीकडच्या स्टेशनातला मास्तर मी उभ्या आयुष्यात चारदा पाहिला असेल. त्याचे आणि माझे पटतही नसे. पण प्रत्येक गाडीला मी घंटा वाजवून त्याला विचारी, घेतोस का? त्याने तिकडे बटण दाबून धरल्याखेरीज माझा गोळा निघत नसे. माझी कितीही खात्री असो, कितीही घाई असो. ज्यांनी ते यंत्र केले ते शहाणे होते. एकट्याच्या हाताला ते दादच देत नसे. तुम्ही तेवढेच मोडलेत. आता विचारणारे तुम्ही आणि हो म्हणणारेही तुम्ही. मग त्या मार्गावरून येणार कोण?"

व्यापाऱ्याने गोळा उचलून तळहातावर घेतला. मग त्याने विचारले, "आणि तो हो म्हणालाच नाही तर?"

"तर गाडी उभी राहील," मास्तर म्हणाले. "उभी गाडी म्हणजे अपघात नव्हे. हो म्हणायचे की नाही, ते पलीकडच्याने पाहावे. घंटा वाजवणे तुमच्याकडे आहे. ती सहा वर्षे वाजलेली नाही."

अण्णाशी आलेल्या दुराव्याविषयी त्याने मास्तरांना काही सांगितलेले नव्हते. पण एका गावात राहून कोणाचे काय झाकले राहते?

दुसऱ्या दिवशी दुकान त्याने स्वतः बंद केले आणि तो बसमध्ये बसला. सणाचा दिवस नव्हता, तरी शेजारचे दुकानदार बाहेर येऊन पाहू लागले.

दार अण्णानेच उघडले. तो वाकला होता. आतल्या खोलीत एकच खाट होती, एकच ताट पालथे घातलेले होते, आणि आपल्या घरात जशी शांतता असते तशीच इथेही आहे, हे व्यापाऱ्याला उंबऱ्यातच कळले. त्याने खिशातला गोळा काढून स्टुलावर ठेवला. "अण्णा, वहिनीच्या वेळी मी आलो नाही," तो म्हणाला. "मला दुकान बंद करवले नाही." वाटेत त्याने पुष्कळ जुळवले होते, पण एवढेच बाहेर आले.

अण्णाने पाण्याचा पेला पुढे केला. ते पाणी पिऊन झाल्यावर व्यापाऱ्याने बोटातल्या अंगठीने रिकाम्या पेल्यावर दोनदा टकटक केले.

अण्णाने ते ओळखले. त्याचा चेहरा हलला. त्याने हात पुढे केला, गोळा उचलला आणि मुठीत धरला. उत्तराचे तीन ठोके मात्र पडले नाहीत.

"एवढ्यात नाही," तो म्हणाला. आणि आत स्टोव्हकडे जाता जाता म्हणाला, "तोवर बस."

व्यापारी बसला. आत चहाची दोन भांडी काढल्याचा आवाज आला, आणि भांड्यांत जन्म गेलेल्या त्या माणसाला तो न मोजता कळला. दोन वर्षांत प्रथमच तो कोणाची तरी वाट पाहत होता. ज्याने विचारले आहे आणि जो उत्तरासाठी थांबला आहे, तो पुरता एकटा राहत नाही.