धुक्यातली हाक

एक होता गड. राजाही होता, पण तो लांब राहायचा, त्याचं सोडा. गडाचं नाव काजळगड. एवढा उंच, की खालच्या गावातून बघितलं तर मान दुखायची. त्या खालच्या गावात राहायची गिरजा.

गिरजाला आई नव्हती, बाप नव्हता. चुलता होता. नसता तर बरं झालं असतं! त्याच्या घरात कायदा एकच. मोठ्यांनी हाक मारली, की पहिल्या हाकेला ओ द्यायची. उशीर झाला, की गिरजाची रवानगी पेवात. पेव माहितीये ना? धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. वर झाकण, आत काळोख, कुबट वास, आणि श्वास पुरत नाही. कधी कधी वेळेवर ओ दिली तरी पेवच. चुलता हाक कशी मारायचा, सांगू? अगदी गोड. "गिरजे, ये गं बाळा." आणि ती गेली, की झाकण उघडलेलंच असायचं.

आत बसून तिला गडावरचा नगारा ऐकू यायचा. ती म्हणायची, तिथं जायचं. हातात भाला घ्यायचा. मग बघू कोण मला पेवात घालतंय!

मग एक दिवस चुलता बाजाराला गेला आणि गिरजा गड चढली. किल्लेदार सुभानजी पांढऱ्या मिशांना पीळ देत हसले. "पोरी, हादगा खेळायला आलीस का इथं?"

"नाही जी. भाला खेळायला."

"आधी लीद काढ पागेतली!"

तिनं लीद काढली. मग म्हणाले, टाक्यावरून पाणी वाहा. तिनं पाणी वाहिलं. मग म्हणाले, "जा, पावसाळाभर तटावर पहारा कर. पण एकदा जरी हुकूम मोडलास, तर चुलत्याच्या स्वाधीन करीन." पावसाळ्यातला पहारा कुणालाच नको असायचा, बरं का. कारण तेव्हा गडावर धुकं उतरायचं. आणि धुक्यात हाकाऱ्या यायचा.

पहिलं धुकं पडलं. पहाऱ्यावर येसबा शिपाई होता, आणि पलीकडच्या बुरुजावर गिरजा. तटाबाहेरून हाक आली, "येसबा, जेवायला ये रे." अगदी त्याच्या आईचा आवाज. येसबा म्हणाला, "ओ, आलो आई!" मग धुकं सरलं. तटावर नुसतं मुंडासं पडलं होतं. मोठे म्हणाले, पाय घसरला.

दुसरं धुकं पडलं. पहाऱ्यावर पिराजी नाईक, चांगला रेड्यासारखा गडी. त्याला तालमीतल्या वस्तादांनी हाक मारली. "ओ, वस्ताद!" आणि मग तटावर एक पायताण तेवढं उरलं. मोठे म्हणाले, पाय घसरला. मोठ्यांचं असंच असतं. एकदा घसरला म्हटलं, की घसरला.

पण गिरजा विचार करत होती. येसबाची आई तर कधीच वारली होती. मग हाक कुणाची? आणि जे कोणी आहे, त्यालाही धुक्यात दिसत नसणार. म्हणून ते हाक मारतं. आपण ओ देतो, आणि त्याला आपली जागा कळते.

ती किल्लेदारांकडे गेली. "सरकार, धुक्यात कुणी ओ देऊ नये, असा हुकूम काढा."

सुभानजी लालबुंद झाले. "वडीलधाऱ्यांच्या हाकेला ओ न देणारा शिपाई माझ्या गडावर नको! पुन्हा बोललीस तर गड उतरायचा."

मग तिसरं धुकं पडलं. भर दुपारी. स्वतःचा हात स्वतःला दिसेना. पहाऱ्यावर होती गिरजा. सगळं चिडीचूप. आणि खालून आवाज आला.

"गिरजे, ये गं बाळा."

चुलत्याचा आवाज! नाकात पेवातला कुबट वास भरला. ओ जिभेच्या टोकापर्यंत आली. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दात आवळले. मग खडकावर नखं घासल्यासारखं ऐकू आलं. खर्र... खर्र... काहीतरी वर चढत होतं.

तेवढ्यात भिंत चाचपत किल्लेदार आले. "कोण आहे पहाऱ्यावर? बोला!" गिरजा बोलली नाही. हुकूम मोडला होता बरं का तिनं! आणि तटाच्या पलीकडून, अगदी जवळून, हाक आली.

"सुभान्या! ए सुभान्या!"

किल्लेदारांना सुभान्या कोण म्हणणार? एकच माणूस म्हणायचा. त्यांचा बाप. त्याला जाऊन तर जमाना झाला होता. पण तो पांढऱ्या मिशांचा किल्लेदार लहान पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला. त्यानं ओ द्यायला तोंड उघडलं.

गिरजानं झडप घातली आणि त्याच्या तोंडावर तळहात दाबला. तो कडकडून चावला. तिनं हात सोडला नाही. दुसऱ्या हातात भाला होता.

"सुभान्या, ओ का देत नाहीस रे?" आता आवाज इतका जवळ होता, की गार श्वास तिच्या गालाला लागला. जिथून आवाज आला, तिथं तटाबाहेर माणसाला पाय टेकायलासुद्धा जागा नव्हती. गिरजानं जीव एकवटला आणि आवाजात भाला खुपसला.

मग किंकाळी उठली. एका आवाजात नाही. येसबाची आई, वस्ताद, चुलता, किल्लेदारांचा बाप, सगळे एकदम ओरडले. किंकाळी खाली खाली गेली आणि विझली.

धुकं विरलं. सगळे धावत आले. बघतात तर किल्लेदार खाली बसलेले आणि त्यांच्या तोंडावर या पोरीचा हात! म्हातारे हवालदार ओरडले, "किल्लेदारांच्या तोंडाला हात लावते? हिला आत्ताच्या आत्ता चुलत्याकडे पोचवा!"

गिरजा पांढरीफटक पडली. हाकाऱ्यालाही ती एवढी भ्याली नव्हती.

किल्लेदार उठले. तटावरून वाकून बघितलं. खालपासून वरपर्यंत दगडावर नखांचे ताजे ओरखडे होते. मग त्यांनी आपल्या पागोट्याची पट्टी फाडली आणि तिच्या हाताला बांधली.

"एवढा म्हातारा झालो, पोरी," ते हळूच म्हणाले, "तरी बापाची हाक आली की अजून कापतो मी." मग हवालदाराकडे वळले. "ही कुठं जात नाही. धुकं पडलं, की तटावर हुकूम हिचा. तुम्हालाही आणि मलाही."

तेव्हापासून काजळगडावर धुक्यात कुणी ओ देत नाही. भाल्याचं बूड दगडावर आपटायचं, की समजायचं, पहारा जागा आहे. गिरजा नाईक झाली, मग हवालदार झाली, मग किल्लेदार झाली. भीती गेली का? छे! धुकं उतरलं की तिचे गुडघे कापायचेच. ती कापत्या गुडघ्यांनी उभी राहायची, एवढंच.

आणि चुलत्याच्या पेवात त्यानंतर फक्त धान्य राहिलं. पेव असतं तरी कशासाठी?

तर असे गडावरचे सगळे सुखानं नांदले. चला, पांघरुणं घ्या, डोळे मिटा. आणि बाहेरून कुणी गोड आवाजात हाक मारली, तर लगेच ओ देऊ नका हं. आधी कोण आहे ते बघा. मी मारली तरी.