सगुणची वेगळी टोपली

तुला हे खरं वाटायचं नाही. नकोच वाटू दे. माझ्यावर विश्वास ठेवणारा अजून जन्माला यायचाय, आणि तो तू असशील असं तुझं तोंड काही सांगत नाही. तर ऐक.

"त्यांच्या बियांच्या राशीवर तुम्ही काय फुंकता, बाबा?"

विचारणारा सगुण परब. बाबा म्हणजे नूरबाबा फकीर, पिराच्या आवारात काथ्या वळत बसलेला.

"मी फुंकतो?"

"लपवू नका. शेजारच्या त्या पाच घरांच्या कोकोच्या बिया तुमच्या अंगणात आंबतात, नि चांगल्या भावानं जातात. मी घरी आंबवतो, तर व्यापारी एक बी कापून बघतो नि टोपली माघारी देतो. म्हणतो, आतून जांभळीच राहिली, आंबलीच नाही."

बाबा काथ्या वळत राहिला...

आता सगुणची वाडी म्हणजे बघत राहावी अशी. वर माड, मध्ये फणस, फणसांवर चढलेली मिरवेल, आणि त्या सगळ्यांच्या सावलीत कोको. एक पान पिवळं दिसायचं नाही. फळ फोडून ओल्या बिया काढायचा तेसुद्धा निवडून निवडून. भरायची मात्र एकच टोपली. ती केळीच्या पानात गुंडाळून घरातल्या कोपऱ्यात ठेवायचा, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून.

"हे शेवटचं विचारायला आलोय," सगुण म्हणाला. "लाकूडवाल्यानं फणसांवर चुन्याच्या खुणा केल्यात. याही खेपेला बिया माघारी आल्या तर सगळी झाडं तोडायची नि जमीन अननसवाल्याला द्यायची."

"कोकोसुद्धा?"

"फणस गेल्यावर कोको उन्हात जगेल होय?"

"मग तुझ्या बिया त्यांच्या राशीत टाक."

"त्या शेजारणीच्या, सत्यभामेच्या किडक्या बियांत? तिच्या बकरीनं माझी मिरवेल खाल्ली, बाबा."

"बकरीनं खाल्ली. बियांनी काय केलं?"

सगुणनं डोक्यावरची टोपली सावरली.

"माझ्या वेगळ्या ठेवा," सगुण म्हणाला. "मंत्र तोच फुंका."

"त्यांच्यात गेल्या तर ओळखशील?"

"माझ्या बिया मी काळोखात ओळखीन."

"ओळखशील?"

"ओळखीन म्हटलं ना."

"ठेव टोपली. रास उपसायच्या दिवशी ये."

त्या दिवशी कोंबडं आरवायच्या आधी सगुण दारात. बाबानं चाकूनं एक बी कापून पुढं धरली. आतून तांबूस. वास असा, की सगुणनं डोळे मिटले.

"माझीच ना ही?"

"असेल."

"असेल म्हणजे? माझी टोपली कुठाय?"

बाबानं बोट दाखवलं. टोपली कोपऱ्यात होती. तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"आणि बिया?"

बाबानं राशीवरचं केळीचं पान उचललं. सहा घरांचा ढीग, वाफाळत होता.

"घे ओळखून."

दुसरा कुणी भांडला असता. सगुण हट्टी. त्यानं धोतर वर खोचलं, मांडी ठोकली नि निवडायला बसला. टपोरी दिसली, ही माझी. देखणी दिसली, ही माझी. ऊन अंगणात उतरलं तरी मान वर नाही.

सत्यभामा रास उपसायला आली. बघत उभी राहिली.

"भावोजी, टोपली आणलीत एक, नि न्यायच्या दोन? तुमच्यापेक्षा माझी बकरी बरी."

सगुणनं पाहिलं. खरंच, दोन टोपल्या भरल्या होत्या. ढिगात अजून तशाच टपोऱ्या दिसत होत्या.

त्यानं तळातल्या बिया बघायला ढिगात हात घातला, कोपरापर्यंत. नि चटका बसल्यागत मागं ओढला.

चुलीसारखी धग होती आत, एकूण एक बी तापलेली. आणि घरातलं त्याचं ते गाठोडं... बेडकाच्या पोटासारखं गार असायचं दर खेपेला.

एकट्या टोपलीला ऊब ती कुठली यायची?

मग उठला. निवडलेल्या दोन्ही टोपल्या ढिगात उलट्या केल्या.  घरी गेला, नारळाची सोडणं नि बादलीभर पाणी घेतलं, आणि फणसावरचा चुना घासायला लागला.

लाकूडवाला आला. "सगुणभाऊ, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," सगुण म्हणाला, नि घासत राहिला. बोटं सोलवटली. एका फणसाचा चुना गेला की दुसरा फणस. लाकूडवाला थोडा वेळ थांबला, एक विडी ओढली, नि गेला.

व्यापाऱ्यानं त्या खेपेला अख्खी रास उचलली. बी कापली, हुंगली, नि माघारी काही दिलं नाही.

पुढच्या तोडणीला सगुण टोपली डोक्यावर घेऊन बाबाच्या अंगणात. सत्यभामेनं पान उचलून धरलं, ह्यानं आपल्या हातानं बिया ओतल्या. बकरी बाजूलाच बांधलेली होती. तिच्याकडे एकदा बघितलं, नि रिकामी टोपली झटकली.

जाता जाता मात्र राहवेना. वळला.

"बाबा, एक खरं सांगा. त्या खेपेला त्या एवढ्या राशीत... माझ्या कुठल्या होत्या?"

बाबानं काथ्याला पीळ दिला. वर बघितलंसुद्धा नाही.

"ज्या तापल्या नाहीत, त्या."

...तोंड काय बघतोस माझं? ऊठ, जा आता.