अर्ध्या फुलपात्राची येसाक्का

फार फार वर्षांमागे, खडकवाडीच्या विहिरीला बहात्तर हात दोर लागायचा, त्या काळी तिथे येसाक्का राहत होती. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच लेक, भागू. येसाक्काच्या घरी पाण्याचा थेंब दोनदा राबायचा, असं म्हणतात. अंघोळ परातीत बसून करायची, अन् तेच पाणी परसातल्या शेवग्याला घालायचं. तांदळाचं धुवण म्हशीला. भांडी राखेनं घासून एकाच घंगाळात विसळायची. रोज जे वाचेल ते परसात पुरलेल्या रांजणांत. आणि पाहुण्याला पाणी अर्धं फुलपात्र. तहान उरली तर आणखी अर्धं.

गावची रीत मात्र काठोकाठ तांब्या पुढे ठेवायची. पाहुण्यानं दोन घोट घ्यावेत, उरलेलं अंगणात भिरकावावं. बायका म्हणत, "येसाक्के, तुझ्या दारात तहानसुद्धा मोजूनच लागायला हवी गं."

येसाक्का हसण्यावारी नेई. पण शेजारगावचे हैबतराव आपल्या मुलासाठी भागूला बघायला आले, तेव्हा तिचं हसू सुकलं. हात तांब्याकडे गेलाही होता, असं म्हणतात. आजच्या दिवस भरावा का? लेकीच्या जन्माचा प्रश्न. मग तिला भागूचे दोरानं सोललेले तळहात दिसले. तिनं अर्धं फुलपात्रच पुढे ठेवलं.

"बाई, अर्धं पाणी वैऱ्याला देतात," हैबतराव म्हणाले आणि उठून गेले.

भागूनं फुलपात्र उचललं अन् ते पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं. त्या रात्री येसाक्का जेवली नाही.

पुढे दोन पावसाळे कोरडे गेले. विहिरीत नुसता दगड दिसू लागला. तेव्हा येसाक्कानं परसातले रांजण उघडले आणि गावाला म्हणाली, "या, पण अर्धंच मिळेल." सारं गाव त्यावर जगलं. जितकं काढावं तितकं उरे आणि शेवगा भर उन्हाळ्यात फुले, असं म्हणतात.

एके दिवशी हैबतराव दारात उभे राहिले, ओठ फुटलेले. येसाक्कानं फुलपात्र ठेवलं. ते प्यायले आणि फुलपात्र तळहातावर पालथं घातलं. थेंब पडला नाही.

"विहीणबाई, आणखी अर्धं मागू?"

"मागा की, व्याही. पुरं मागाल तर मिळायचं नाही."

खडकवाडीत अजूनही सोयरीक अशीच ठरते. मुलाचा बाप अर्धं फुलपात्र पितो आणि तळहातावर पालथं घालतो. थेंब पडला तर बायका हसतात अन् त्याला परसातल्या झाडापर्यंत चालत जाऊन तेवढा थेंब बुंध्याशी झटकावा लागतो. तोवर गूळ वाटत नाहीत.