भविष्यवाल्याला मिळालेला आशीर्वाद

“मग सरकार टिकेल की पडेल, एवढं तरी सांगा, बाबा.”

नूरशाह बाबा झोपडीच्या ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. ते गालातल्या गालात हसले.

हेरंब उपासनी चुळबुळला. नव्या वर्षाचं त्याचं भाकीत दैनिकात छापून आलं की पुढारीसुद्धा सगळं बाजूला ठेवून वाचायचे. तरी वर्ष सरत आलं की तो या फकिराच्या पायांशी यायचा. कॉलेजात असल्यापासून त्यांनाच गुरू मानत आला होता.

बाबा सांगत नाहीत म्हटल्यावर त्याने आपलंच भाकीत सांगायला घेतलं. सरकार पावसाळ्याआधी कोसळणार. तमाशाचे उरलेसुरले फड बंद होणार. आणि डासांचा ताप पुन्हा उसळणार, गेल्या खेपेपेक्षा जोरात.

“गेल्या वर्षीचा तापही मी आधीच लिहिला होता,” तो म्हणाला. “अगदी तसाच आला.”

“कुणाच्या घरी आला?”

आकडे हेरंबला तोंडपाठ होते. घर मात्र एकही आठवेना...

बाबा उठले आणि खालच्या वस्तीकडे चालू लागले. हेरंब मागोमाग निघाला.

पहिलंच घर हौसाबाईचं. तिच्या गरोदर सुनेला तो ताप आला होता. सून कशीबशी वाचली, पोटातलं गेलं. हौसाबाई हे अगदी सावकाश सांगत होती. हेरंबला तिच्याकडे बघवेना.

परसात एक मोठा रांजण होता. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. बाबांनी रांजणाच्या काठाला हात लावला आणि नुसते उभे राहिले.

...

हेरंबने बाह्या सरसावल्या. दोघांनी मिळून रांजण कलता केला, आतून घासून काढला. मग शेजारचं घर. मग त्यापुढचं. कुठे पाण्याने भरलेले जुने टायर, कुठे फुटक्या बादल्या. हेरंबचा इस्त्रीचा सदरा चिखलाने माखला. उन्हं उतरली तशी हौसाबाईने दोघांना चहा दिला. तिची सूनही उंबऱ्याशी येऊन बसली, त्याचा अवतार बघून हसली. हेरंबही हसला. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

निघताना तो बाबांच्या पाया पडला.

“आशीर्वाद द्या, बाबा. नव्या वर्षाचं भाकीत खरं...” त्याची नजर उंबऱ्याशी बसलेल्या सुनेकडे गेली.

बाबांनी ओला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

“खोटा पड, बेटा.”